पौलाने तंबू केले, म्हणून पाळकांना मानधन नको?

प्रश्न : आमच्या लहान मंडळीत पाळकांचे मानधन वाढवण्याचा विषय निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी ‘पौल स्वतः तंबू करून पोट भरत होता’ असे सांगून त्यास विरोध केला. पहिल्या मंडळ्यांत खरी रीत कोणती होती?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : त्या सभासदांचा दाखला खरा आहे, पण अर्धा आहे. ग्रीसमधील करिंथ येथे पौल, म्हणजे येशूची सुवार्ता गावोगावी सांगणारा पहिल्या शतकातील प्रेषित, अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याकडे राहून तंबूचे काम करीत असे. मात्र त्याच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 9व्या अध्यायात तो मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये ही मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा पुढे करतो, सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी असे प्रभूनेच ठरवल्याचे लिहितो, आणि हा हक्क पुरता सिद्ध केल्यावरच आपण तो बजावला नाही असे सांगतो. भाताच्या खळ्यावर बैल फिरताना पाहिलेल्या आपल्या भागातील वाचकांना त्या आज्ञेचा अर्थ उलगडून सांगावा लागू नये. शिवाय करिंथमध्येही त्याची गरज उत्तर ग्रीसमधील मासेदोनियाहून आलेल्या ख्रिस्ती बंधूंनी भागवली होती, आणि त्याआधी तो थेस्सलनीकेत असताना फिलिप्पैच्या मंडळीने त्याला एकाहून अधिक वेळा मदत पाठवली होती.

1873 साली कॉन्स्टँटिनोपल येथे ज्याचे हस्तलिखित सापडले, त्या ‘डिडाखे’ या प्राचीन नियमग्रंथात दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. फिरता प्रेषित तीन दिवस राहिला किंवा निघताना त्याने पैसे मागितले, तर तो खोटा समजावा, असे त्यात म्हटले आहे. परंतु मंडळीत स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या खऱ्या संदेष्ट्याला खळ्यातले, द्राक्षकुंडातले आणि गुराढोरांतले प्रथमफळ, म्हणजे उत्पन्नाचा पहिला वाटा, द्यावे, आणि संदेष्टा नसेल तर ते गरिबांना द्यावे, असेही सांगितले आहे. खळ्यावर मोजून दिले जाणारे आपल्याकडचे बलुते येथे आठवते, मात्र ते पिढीजात हक्काचे होते आणि हे तसे नव्हते. तिसऱ्या शतकाच्या मध्यास, उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या काळात, धर्मसेवकांना मंडळीच्या निधीतून दरमहा वाटा मिळत असे.

पौलाने हक्क सोडला तो स्वतःचा. आपल्या पाळकांनी स्वतःहून मानधन नाकारले तर त्याचा आदर व्हावा, पण त्यांच्या वतीने मंडळीने ते नाकारण्यास पौलाचा आधार मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सभेत पौलाच्या त्या पत्राचा 9वा अध्याय पहिल्या वचनापासून अठराव्यापर्यंत मोठ्याने वाचावा आणि मगच मत घ्यावे.