गरम झाल्यावर इंजिन फिरते, पण सुरू होत नाही: पंप बदलण्याआधी काय तपासावे

तुमच्या २० वर्षे जुन्या, फ्यूएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीची तक्रार मला अशी समजली आहे. सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू होते. तासभर चालवून बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी चालू करायला जावे, तर सेल्फ इंजिन जोमाने फिरवतो पण इंजिन उचल घेत नाही, आणि अर्धा तास थांबले की काहीच झाले नव्हते अशी ती चालू होते. बॅटरी आणि प्लग बदलून झाले आहेत, आता मेकॅनिक पेट्रोल पंप बदलायला सांगत आहे. माझे आग्रहाचे सांगणे आहे की पंपावर खर्च करण्याआधी, गाडी अडून बसलेली असतानाच तिची तपासणी करा. कारण थंड झालेल्या गाडीत हा दोष सापडणार नाही आणि मग अंदाजाने एकेक भाग बदलत राहणे एवढेच हाती उरेल.

अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू होते, ही या प्रकरणातील सर्वांत मोलाची माहिती आहे. घसरलेला टायमिंग बेल्ट किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन थांबून राहिल्याने दुरुस्त होत नाही, त्यामुळे ती कारणे तूर्त बाजूला ठेवता येतात. उरतात ते उष्णतेने बंद पडणारे विजेचे भाग, किंवा गरम इंजिनात बिघडणारा पेट्रोलचा पुरवठा.

पहिला संशय मी क्रँक पोझिशन सेन्सरवर घेईन. इंजिन फिरत आहे हे इसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, या सेन्सरमुळेच कळते. तो संदेश आला नाही तर बहुतेक गाड्यांत ठिणगीही पडत नाही आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही उघडत नाहीत. सेन्सरच्या आतली बारीक तार उष्णतेने तुटक होते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, म्हणून गॅरेजमध्ये थंड अवस्थेत मोजलेला त्याचा रेझिस्टन्स योग्य आला तरी तो निर्दोष ठरत नाही. इसीयूतील माहिती दाखवणारा स्कॅनर जोडून सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा पाहा. इंजिन साधारण २०० आरपीएमने फिरत असताना स्कॅनर शून्य दाखवत असेल, तर सेन्सर, त्याची वायर किंवा कनेक्टर यांपैकी एकात दोष आहे. सेन्सर हॉल प्रकारचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला असेल, तर त्याचा रेझिस्टन्स मोजू नये. त्याचा सिग्नलच तपासावा लागतो.

आरपीएम येत असेल तर ठिणगी पाहा. त्यासाठी स्पार्क टेस्टरच वापरा. प्लगची वायर हातात धरून बॉडीजवळ नेण्याची जुनी सवय धोक्याची आहे, कारण तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो आणि आसपास पेट्रोलची वाफ असू शकते. आरपीएम आहे पण ठिणगी नाही, असे आढळले तर ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल किंवा तिला चालवणारे मॉड्यूल गरम होऊन बंद पडत असावे.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळा, आणि येथे दोन अगदी परस्परविरोधी शक्यता आहेत हे ध्यानात घ्या. गाडी बंद केल्यावर लाइनमधील दाब टिकला नाही, तर इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टरला द्रव पेट्रोल मिळत नाही. अशा वेळी सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा ऑन करून, प्रत्येक वेळी पंपाची दोन सेकंदांची गुणगुण संपू द्यावी आणि मगच सेल्फ मारावा. याने गाडी सुरू झाली तर पंपातील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा प्रेशर रेग्युलेटर दाब सोडत असावा. याउलट इंजेक्टर गळत असेल, किंवा कूलंट टेम्परेचर सेन्सर गरम इंजिनाला थंड दाखवत असेल, तर पेट्रोल जास्त होऊन इंजिन ओव्हर होते. तेव्हा एक्सलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. सेल्फच्या वेळी पेडल पूर्ण दाबलेले दिसले, की बहुतेक इसीयू पेट्रोल बंद करतात किंवा अगदी कमी करतात. कोणत्या उपायाने गाडी सुरू होते, यावरून दोष कमी पेट्रोलचा की जास्त पेट्रोलचा हे बरेचसे स्पष्ट होते. मात्र सेल्फ सलग दहा सेकंदांहून जास्त मारू नका आणि मध्ये त्याला थंड होऊ द्या. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचे नुकसान करते.

मेकॅनिकचे म्हणणे चुकीचेच असेल असे मी म्हणत नाही. जुना पंपही गरम झाल्यावर दगा देतो. पण केवळ त्याचा आवाज आला किंवा आला नाही, एवढ्यावरून निर्णय करू नये. गाडी अडलेली असताना गेज लावून दाब मोजायला सांगा. अनेक इंजेक्शन गाड्यांत तो ३ बारच्या आसपास असतो, तरी तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. दाब कमी आला तर त्याच वेळी पंपाच्या कनेक्टरवर सेल्फ मारताना व्होल्टेज पाहावे. तेथे बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज पोहोचत असूनही दाब येत नसेल आणि फिल्टर तुंबलेला नसेल, तर पंप जरूर बदला. व्होल्टेजच पोहोचत नसेल, तर आधी पंपाचा रिले (पंपाला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) काढून त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहा. काही जुन्या गाड्यांत रिलेच्या आतील सोल्डरला तडा जातो, तो उष्णतेने उघडतो आणि त्याची लक्षणे हुबेहूब तुमच्या गाडीसारखीच असतात.