चंद्राला खळं पडलं की दोन दिवस हातात ठेवा
वाचकांचे प्रश्न

यावेळी थंडीतल्या मनालीबद्दल इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात. काहीजण नुकतेच जाऊन आलेत, काहींच्या बॅगा भरून तयार आहेत. पहिलं पत्र जरा मोठं आहे पण जवळजवळ तसंच छापतेय, कारण त्यातच सगळं आहे.

प्रश्न : आम्ही जानेवारीत आठवडाभर मनालीला होतो. रविवारी पोचलो तर कडक ऊन, स्वेटर कमरेला बांधून मॉल रोडवर फिरलो. सोमवारी पण तेच. मंगळवारी आभाळ पांढुरकं झालं पण रात्री चक्क कमी गार वाटलं, मिस्टर म्हणाले चला, थंडी गेली. बुधवारी दुपारी पाऊस आणि संध्याकाळी त्याचाच बर्फ! गुरुवारी दिवसभर बर्फ, लाइट गेली. शुक्रवारी लख्ख ऊन पण नळ गोठलेले, आणि शनिवारी निघायचं तर रस्ता बंद. तिथलं हवामान इतकं लहरी कसं? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ताई, तुमचा आठवडा मी दोनदा वाचला आणि खरं सांगते, मला त्यात लहरीपणा कुठेच दिसला नाही. एका पाठोपाठ एक जसं व्हायला पाहिजे अगदी तसंच झालंय, फक्त तुम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

हिवाळ्यात हिमालयात जो पाऊस-बर्फ पडतो तो बहुतेक सगळा पश्चिमी झंझावातांचा, हॉटेलवाले ज्याला वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते हेच. भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाबाची एक लाट तयार होते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांच्या झोताबरोबर (जेट स्ट्रीम म्हणतात तो) इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत आपल्याकडे येते. अशा लाटा हिवाळ्यात महिन्याला सरासरी चार ते सहा येतात, सगळ्याच जोरदार नसतात, काही नुसतं आभाळ दाखवून जातात. पण जी जोरदार असते ती धौलाधार आणि पीर पंजालच्या रांगांना येऊन थडकली की हवा वर ढकलली जाते, थंड होते, आणि आत असलेलं सगळं पाणी खाली टाकते. म्हणजे आठवड्याभराच्या मुक्कामात एखादी गाठ पडणारच असं धरून चालायचं.

आता तुमचा मंगळवार. लाट यायच्या आधी सगळ्यात वरचे ढग पुढे येतात, बर्फाच्या बारीक कणांचे, दुधाचा हात फिरवल्यासारखे. त्या रात्री चंद्र असला तर त्याच्याभोवती मोठं गोल खळं दिसतं. आमची आजी खळं दिसलं की वाळवण आत घ्यायची, तिला जेट स्ट्रीम वगैरे काही माहीत नव्हतं पण निरीक्षण पक्कं होतं. आणि रात्री गारठा कमी वाटला तो ढगांमुळे, जमिनीची ऊब वर निघून जायची ती ढगांनी अडवली, पुण्यात नाही का आपण म्हणतो आभाळ आलं, थंडी पळाली. तर मनालीत जानेवारीच्या रात्री अचानक बरं वाटायला लागलं तर थंडी गेली असं समजू नका, पुढच्या दिवस-दोन दिवसांत बर्फ येऊ शकतो असं समजा.

बुधवारच्या पावसाचा बर्फ का झाला? वर ढगात तो बर्फच असतो, खाली येताना वितळून पाऊस होतो. वितळताना तो आजूबाजूच्या हवेतली ऊब शोषून घेतो, त्यामुळे हवा गार होत जाते, वितळण्याची रेषा डोंगरावरून हळूहळू खाली सरकते, त्यात सूर्य मावळला की ती गावात उतरते. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, म्हणजे बऱ्याचदा ही रेषा बरोबर गावाच्या आसपासच घुटमळते, आणि म्हणून वरच्या अंगाला सोलंगला बर्फ, मनालीत सटरफटर, आणि चाळीस किलोमीटर खाली कुल्लूत नुसता पाऊस असं एकाच वेळी होतं.

पहिला बर्फ ओला, जड असतो. देवदाराच्या फांद्या वाकतात, तारांवर पडतात, लाइट जाते. नंतर गार झाल्यावर पडतो तो हलका, तिथले लोक त्याला फाहे म्हणतात, कापसाचे पुंजके. मी मनालीच्या पलीकडच्या काठावर वशिष्ठ गावात एका घरी राहिले होते तेव्हा पहाटे जाग आली ती शांततेने, बियास नदीचा आवाज रोज खोलीत यायचा तो जणू कुणी कमी केला होता. खिडकी उघडली तर गजाच्या वर गजाएवढीच रुंद आणि चार बोटं उंच बर्फाची पट्टी, एक कण इकडेतिकडे नाही. ताज्या बर्फात हवाच जास्त असते, ती आवाज शोषते.

मग शुक्रवार. झंझावात पुढे सरकतो, मागून कोरडे वायव्येचे वारे येतात, आभाळ निळंशार होतं आणि फोटो काढायला सगळे बाहेर पडतात. पण खरी थंडी त्याच रात्री असते. ताजा बर्फ सूर्याचा ऐंशी-नव्वद टक्के उजेड परत फेकतो, त्यामुळे दिवसा जमीन तापत नाही (गॉगल आणि सनस्क्रीन याच दिवशी पाहिजे, मुलांना सुद्धा), आणि रात्री वर ढगांची गोधडी नसते. घरमालकीण रात्री झोपताना नळ जरासा चालू ठेवायची, करंगळीएवढी धार, वाहतं पाणी सहजी गोठत नाही. मी दुसऱ्या रात्री पाणी वाया जातंय म्हणून घट्ट बंद केला. सकाळी पाइप गोठलेला, आणि बिचारी त्या माउलीने तव्यावर गरम केलेली फडकी दहा मिनिटं पाइपला गुंडाळली तेव्हा कुठे थेंब आला. उकळतं पाणी का ओतत नाही विचारलं तर म्हणाली, पाइप तडकेल.

प्रश्न : तीन अ‍ॅप बघितली, तिन्हींत मनालीचं तापमान वेगळं. कुठलं खरं मानायचं? (एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर : दादा, बरीचशी अ‍ॅप काही किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज देतात, आणि तिथे एका चौकोनात नदी पण येते आणि तिच्यावर दीड-दोन हजार मीटर उंच डोंगर पण येतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश फरक धरा म्हणजे गोंधळ का होतो ते कळेल. आकड्याच्या मागे न लागता हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा इशारा बघा, मौसम अ‍ॅपवर जिल्ह्यानुसार असतो. कुल्लू आणि लाहौल-स्पितीला यलो असेल तर लक्ष ठेवा, ऑरेंज असेल तर त्या दिवशी सोलंगच्या वर जाऊच नका. २०२४ च्या डिसेंबरमधे नाताळच्या तोंडावर सोलंग ते अटल टनेल (लाहौलकडे जाणारा बोगदा) या पट्ट्यात साधारण हजार गाड्या अडकल्या होत्या. टनेल नऊ किलोमीटरचा आहे, आत काही होत नाही, पण दोन्ही तोंडं तीन हजार मीटरच्या वर आहेत आणि तिथे पोचायचा रस्ता उघड्यावरच आहे ना! पोलिसांनी नेहरू कुंडापाशी गाडी अडवली तर वाद घालू नका प्लीज. वळणावर सावलीत काचेसारखा पातळ बर्फ असतो, तो दिसत नाही, आणि घाटात गाडी चालवायची आपली वरंधा-ताम्हिणीची सवय तिथे उपयोगी पडत नाही.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू आहे, त्यांना बर्फ बघायचाच आहे. नेऊ का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : डॉक्टरांना विचारून जरूर न्या, थंडीत बीपी वाढतं म्हणून गोळ्यांचं आधी बोलून घ्या. मनालीच्या उंचीचा सहसा त्रास होत नाही, पण टनेलमधून पलीकडे सिस्सू गावाला गेलात की तासाभरात हजार मीटर वर चढता, ते पहिल्याच दिवशी नको.

खोली घेताना व्ह्यू विचारता तसं ऊन कधी येतं ते पण विचारा. नदीच्या उजव्या काठाला, म्हणजे ओल्ड मनालीच्या बाजूला, सकाळचं ऊन आधी पोचतं, वशिष्ठच्या बाजूला उशिरा येतं पण संध्याकाळी जास्त वेळ टिकतं. आजींना सकाळीच ऊन लागतं, हो ना? आणि नदीकाठच्या अगदी खालच्या खोलीपेक्षा उतारावरची घ्या, का ते शेवटच्या उत्तरात आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा अंगीठी लावून झोपू नका, कुणी कितीही प्रेमाने आणून दिली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. धुराडं बाहेर काढलेला तिथला लोखंडी तंदूर वेगळा, तो सुद्धा झोपायच्या आधी विझलाय का बघा.

कपडे सुती नकोत, ओले झाले की वाळत नाहीत. आत थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. बर्फावर चालताना छोटी पावलं, अख्खा तळवा टेकवून. आणि परतीच्या आधी दोन दिवस रिकामे ठेवा. कुल्लूजवळच्या भुंतरचं विमान दरीत दिसत नसेल तर रद्द होतं, झेलमने अंबाल्याला उतरणार असाल तर पंजाब-हरियाणाच्या धुक्यात गाडी काही तास सहज लेट. ते दोन दिवस वाया गेले असं वाटतं पण आमच्या त्या दोन दिवसांतच माझ्या सासूबाई घरमालकिणीकडून सिड्डू (तिथली वाफवलेली सारणाची रोटी) शिकल्या.

प्रश्न : मी नववीत आहे. उंचावर थंडी जास्त असते तर वेताळ टेकडीवर सकाळी खालच्यापेक्षा कमी गार का वाटतं? आणि मनालीत बर्फ पडला की पुण्यात थंडी येते हे खरं का? (एक विद्यार्थी, पाषाण)

उत्तर : शाब्बास, किती छान निरीक्षण! बाळा, निरभ्र, शांत रात्री जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट भागात साचते. म्हणून दरीचा तळ सगळ्यात गार आणि थोडं वर चढलं की उबदार. महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी दवबिंदू गोठले अशी बातमी दर वर्षी येते आणि गावात तेव्हा तितकी थंडी नसते, ते याच कारणाने. तुझं पाषाण आणि शिवाजीनगर लोहगावपेक्षा गार असतं त्यातही याचा वाटा आहे, शिवाय झाडं आणि मोकळी जमीन. मनालीत हेच, फक्त डोंगर मोठे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, बऱ्याचदा हो. झंझावात गेला की मागचे वायव्येचे वारे उत्तर भारत गार करतात आणि वाटेत काही आडवं आलं नाही तर दोन-तीन दिवसांनी आपल्यापर्यंत पोचतात. पण तेव्हाच समुद्रावरून दमट वारे आले तर आभाळ येतं आणि थंडी गायब. शिवाजीनगरचा आजवरचा नीचांक १.७ अंश आहे, १७ जानेवारी १९३५ चा. देशाच्या हवामान खात्याचं मुख्य ऑफिस तेव्हा पुण्यातच होतं, १९२८ मधे सिमल्याहून इथे आलं होतं, म्हणून तर त्या चौकाला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो.

पुढच्या वेळी मनालीत बर्फ पडल्याची बातमी आली की तीन दिवस थांब, आभाळ मोकळं असलेली सकाळ निवड आणि बाबांना घेऊन साडेसहाच्या आत टेकडीवर जा. खाली एक साधा थर्मामीटर वाच, वर जाऊन पाच मिनिटं थांबून परत वाच, आणि दोन्ही आकडे मला लिहून पाठव.