दावीद राजाची गोष्ट आजच्या काळात आणणारी 'किंग्ज' मालिका प्रेक्षकांना कशी वाटली होती?

तुमचा प्रश्न असा आहे: बायबलमधला राजा शौल आणि त्याच्यानंतर राजा झालेला दावीद यांची कथा आजच्या शहरात घडवणारी 'किंग्ज' ही अमेरिकन मालिका आली, तेव्हा पाहणाऱ्यांना ती कशी वाटली? ख्रिस्ती लोक नाराज झाले का? आणि इतकी चांगली होती म्हणतात, तर एकाच हंगामात बंद का पडली?

१५ मार्च २००९ च्या रविवारी एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर तिचा पहिला, दोन तासांचा भाग लागला तेव्हा मी तो घरी बसून पाहिला. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत राहत होतो. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, ख्रिस्ती. आजी रोज रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्यानं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची आणि त्यातली शमुवेलाची दोन पुस्तकं तिची विशेष लाडकी होती. त्यामुळे शौल, त्याचा मुलगा योनाथान, मुलगी मीखल, सेनापती अबनेर ही माणसं मला लहानपणापासून शेजारच्या वाड्यात राहणाऱ्या माणसांसारखी माहीत आहेत. माझं उत्तर या नात्यातूनच येणार, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

मालिका सुरू झाली आणि पहिल्या काही मिनिटांतच त्या काल्पनिक देशाचं नाव कानावर पडलं. गिलबोआ. आमच्या मराठी शास्त्रात त्याला गिलबोवा म्हणतात. अंगावर सर्रकन काटा आला. गिलबोवा हा तो डोंगर आहे, जिथे पलिष्टी शत्रूंशी लढताना शौलाचे तीन मुलगे पडले, आणि जखमी शौलानं स्वतःच्याच तलवारीवर अंग टाकून जीव दिला. इथे एक राजा उत्तम सूट घालून, झळाळत्या नव्या राजधानीत उभा राहून आपल्या देशाचं नाव अभिमानानं घेतोय, आणि ते नाव त्याच्या मरणाच्या जागेचं आहे! मी शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हटलं, "अरे, याचा शेवट तर पहिल्याच वाक्यात सांगितला." तो हिंदू घरातला, त्याला काही कळेना. त्याला ते कुठल्यातरी अनोळखी देशाचं नाव वाटलं.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया कशामुळे फाटल्या, हे मला त्या सोफ्यावरच कळलं असं आज वाटतं. श्रद्धावान आणि नास्तिक अशी ती फाळणी नव्हती. ज्यांना मूळ गोष्ट ठाऊक होती त्यांना प्रत्येक प्रसंगात पुढची सावली दिसत होती, आणि ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना नुसती विचित्र कपड्यांतली राजघराण्याची भांडणं दिसत होती.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राजा सायलस बेंजामिन म्हणजे शौल. राजधानी शायलो, म्हणजे आपलं शिलो, जिथे बाळ शमुवेल एली याजकाच्या हाताखाली वाढला. शत्रूराष्ट्र गाथ, म्हणजे दावीदानं गोफणीनं पाडलेल्या धिप्पाड योद्ध्याचं, गल्याथाचं गाव. गल्याथ इथे माणूस नाही, गोलायथ नावाचा रणगाडा आहे. शेतावर वाढलेला डेव्हिड शेफर्ड नावाचा साधा शिपाई त्याच्यासमोर उभा राहतो, त्या क्षणाचा फोटो देशभर जातो आणि मुलगा रातोरात नायक होतो. 'शौलानं हजारो मारले, दावीदानं लाखो' असं गात रस्त्यावर आलेल्या बायांची जागा आजच्या काळात फोटो आणि टीव्हीच्या बातम्या घेतात, आणि राजाच्या मनात मत्सराची ठिणगी पडते. शौलाला तेलाचा अभिषेक करणाऱ्या शमुवेल संदेष्ट्याच्या जागी रेव्हरंड सॅम्युएल्स आहेत. देवानं तुला सोडलं आहे, हे ते राजाला तोंडावर सांगतात. अभिषेकाच्या तेलाच्या जागी फुलपाखरं आहेत. सायलसच्या डोक्यावर एकदा फुलपाखरांचा मुकुट झाला होता, तो देवाचा कौल होता असं तो सगळ्यांना सांगत आलाय. मग एक दिवस तीच फुलपाखरं त्या शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यावर उतरतात, आणि राजा ते बघतो. त्या वेळचा, राजा झालेल्या इयन मॅकशेनचा चेहरा मी विसरलेले नाही.

ऑफिसात दुसऱ्या दिवशी मी उत्साहानं विषय काढला. दोघातिघांनी पाहिली होती. एकीचं म्हणणं, "हा कुठला देश? शहर तर न्यूयॉर्कसारखंच दिसतंय, मग राजा कसा?" खरंच, चित्रण न्यूयॉर्कमध्येच झालं होतं आणि रोज तिथून जाणाऱ्या माणसाला ते खटकणं साहजिक होतं. दुसऱ्याला भाषा जड वाटली. पात्रं दरबारी, घडीव इंग्रजी बोलतात, जवळजवळ नाटकासारखं, आणि पुढच्याच क्षणी मोबाइल वाजतो. मला तेच आवडलं. आजी वाचायची त्या जुन्या मराठी बायबलची भाषाही बोलण्यातली नव्हती, आणि म्हणूनच तिला वजन होतं. पण रविवारी रात्री दमूनभागून टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला ते जड जाऊ शकतं, हे मला मान्य आहे. त्या वसंतात अमेरिकेत मंदीनं लोकांची घरं आणि नोकऱ्या जात होत्या. राजवाड्यातल्या दुःखात शिरायला मन मोकळं लागतं.

चर्चमधली गोष्ट वेगळीच निघाली. पुढच्या रविवारी उपासनेनंतर चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, तर बहुतेकांना ही मालिका दावीदाची आहे याचा पत्ताच नव्हता! जाहिरातींत केशरी झेंडा, त्यावर फुलपाखरू, आणि 'किंग्ज' एवढंच. निर्माते-लेखक मायकल ग्रीन यांनी नंतर मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की वाहिनीला दावीद राजाचं नाव घ्यायचीच भीती वाटत होती आणि ते नाव प्रसिद्धीतून मुद्दाम टाळलं गेलं. मला याचं आजही वाईट वाटतं. ज्या लाखो लोकांनी संडे स्कूलमध्ये गोफण आणि पाच गुळगुळीत गोट्यांची गोष्ट ऐकली, त्यांनाच निमंत्रण गेलं नाही. आणि ज्यांना देवाधर्माचं वावडं, ते राजकारणाची मालिका समजून आले. त्यांना वाटलं होतं की देव म्हणजे इथे एक अलंकार असेल, पण या मालिकेत देव खरोखरच एक पात्र आहे. तो दिसत नाही, पण पाऊस पाडतो, निवड करतो, निवड मागे घेतो. त्यातले काही जण थक्क होऊन थांबले, काही उठून गेले.

पहिला भाग सुमारे ६० लाख लोकांनी पाहिला, आणि इतक्या खर्चिक मालिकेला ते फार कमी होते. चार रविवारांनंतर तिला शनिवारी टाकलं. अमेरिकेत शनिवारची रात्र म्हणजे मालिकेचा वनवासच. १८ एप्रिलला एक भाग दाखवून तीही जागा काढून घेतली, उरलेले भाग १३ जूनपासून लावले आणि २५ जुलै २००९ ला सगळं संपलं. एकूण १३ भाग. मी शेवटपर्यंत पाहिले, पण दर आठवड्याला आज लागणार की नाही हे शोधत बसावं लागायचं.

आता ख्रिस्ती लोकांच्या नाराजीबद्दल. ज्यांनी पाहिली, त्यांच्यातली खरी नाराजी एका पात्रावर होती: राजपुत्र जॅक. सेबॅस्टियन स्टॅननं केलेला. हा योनाथान. पण इथे तो दावीदाचा जिवलग नाही, त्याचा मत्सर करणारा, कटात सामील होणारा आहे, आणि तो समलिंगी आहे हे त्याला बापाच्या धाकानं लपवून ठेवावं लागतं. चर्चमधल्या काहींना त्याचं समलिंगी असणं खटकलं. याउलट माझ्या ओळखीच्या एका समलिंगी सहकाऱ्याला, अशा मुलाचं दुःख राजघराण्याच्या गोष्टीत इतक्या गांभीर्यानं मांडलेलं पाहून फार जवळचं वाटलं. दावीदाच्या विलापातली योनाथानाच्या प्रेमाबद्दलची ओळ लोक कितीतरी काळ वेगवेगळ्या अर्थानं वाचत आलेत, तेव्हा हा वाद मालिकेनं निर्माण केलेला नाही.

मला दुखलं ते वेगळ्या कारणानं. आमच्या घरात मैत्री म्हणजे दावीद आणि योनाथान. आपला झगा, तलवार, धनुष्य काढून मित्राला देणारा, सिंहासन आपल्याला मिळणार नाही हे कळूनही त्याला वाचवणारा योनाथान. त्याला कारस्थानी केलेलं माझ्यानं बघवेना. कितीतरी आठवडे मी ही त्या लेखकाची चूकच समजत होते.

त्या वर्षी नाताळात नगरला आलो तेव्हा डीव्हीडी बरोबर आणली होती. आईला लॅपटॉपवर दाखवायला बसले. दर दोन मिनिटांनी थांबवून मराठीत सांगायचं असा बेत होता, पण फारसं सांगावं लागलं नाही. माणूस पडद्यावर आला की तीच म्हणायची, "हा अबनेर ना?" गिलबोआचं नाव ऐकल्यावर तिनं हातातली सुपारी खाली ठेवली. जॅकपाशी आल्यावर मी माझी तक्रार सांगितली. बाप त्याला किती निर्दयपणे बोलतो, तू जो आहेस तो असून राजा होऊ शकणार नाहीस असं कसं सुनावतो, तो प्रसंग आई दोनदा पाहून गप्प बसली. मग म्हणाली, "शौलानं योनाथानावर भाला फेकला होता. विसरलीस का तू?"

मी खरंच विसरले होते. पहिल्या शमुवेलाचा विसावा अध्याय. जेवणाच्या पंगतीत शौल आपल्या मुलाला त्याच्या आईवरून घाण शिवी देतो, इशायाचा मुलगा, म्हणजे दावीद, जिवंत आहे तोवर तुझं राज्य टिकणार नाही म्हणतो, आणि भाला उगारतो. आजी तो अध्याय वाचायची तेव्हा आम्हा मुलांचं लक्ष पुढच्या प्रसंगाकडे, दावीदाला सावध करणाऱ्या बाणांच्या खुणेकडे असायचं. भाला अंगावर आलेल्या मुलाचं पुढे काय होतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. शास्त्रातला योनाथान त्या पंगतीतून उठून मित्राकडे गेला. मालिकेतल्या मुलाला जायला जागाच नाही. त्या दिवसापासून मी जॅककडे चूक म्हणून बघत नाही. योनाथान म्हणून अजूनही मानत नाही, तेही खरं.

ज्यांनी मालिका शेवटपर्यंत पाहिली, त्या जवळजवळ सगळ्यांचं एकमत मॅकशेनवर होतं. आणि डेव्हिड झालेला क्रिस्टोफर ईगन फिका वाटतो, ही तक्रारही सर्रास ऐकू यायची. मला ती अर्धी पटते. पण मूळ गोष्ट पुन्हा वाचा, तिथेही तरुण दावीदाचं मन आपल्याला फारसं दिसत नाही, शौलाचं मात्र लख्ख दिसतं: निवडला गेलेला, आणि मग निवड काढून घेतलेला माणूस. पुढे दावीद स्वतः राजा होतो, दुसऱ्याच्या बायकोचं, बथशेबेचं प्रकरण होतं, पोटचा मुलगा बंड करून उठतो, तेव्हा तोही तसाच उघडा पडतो. मालिका तिथवर पोचलीच नाही. दावीद राजा होण्याच्या कितीतरी आधी ती थांबते. पुढच्या हंगामात ईगनला काय करता आलं असतं ते आता कळायचं नाही, याची मला सर्वांत जास्त चुटपुट आहे.

शास्त्रातली गोष्ट अशी हलवून आजच्या शहरात नेणं योग्य आहे का, असं मला आमच्या मंडळीतल्याही काहींनी विचारलं. मी त्यांना आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी लोकांची आठवण करून देते. त्यांनी एकोणिसाव्या शतकातच या कथांची मराठी कीर्तनं उभी केली. गोष्ट यहूदी आणि सादर करण्याची रीत इथली, म्हणून त्यात तिचा अपमान झाला असं त्यांना वाटलं नाही.

नंतरच्या काळात वारं बदललं. २०१६ मध्ये एबीसी वाहिनीनं शौल-दावीदावरच 'ऑफ किंग्ज अँड प्रॉफेट्स' आणली, जुन्या काळातच घडणारी, आणि दोन भागांत गुंडाळली. पण २०२५ मध्ये प्राइम व्हिडिओवर 'हाउस ऑफ डेव्हिड' आली, तिच्या शीर्षकातच दावीद आहे आणि तिला मोठा प्रेक्षक मिळाला. 'किंग्ज'कडे आता जे वळतात त्यांतले बरेच जण सेबॅस्टियन स्टॅनला मार्व्हलच्या चित्रपटांत पाहिल्यामुळे त्याचं जुनं काम शोधत येतात. त्यांना ही गोष्ट नवीनच असते.

तुम्ही पाहणार असाल तर पहिला दोन तासांचा भाग एका बैठकीत पाहा, तुकडे करू नका. राजवाड्यातल्या दोन पहारेकऱ्यांचे विनोद मला जमलेले वाटत नाहीत, तेवढे सोसा. १ शमुवेलाचे नववा ते एकतिसावा हे अध्याय शक्य तर आधी वाचा, मराठीतच, दीडेक तास लागेल. आणि मालिका संपल्यावर २ शमुवेलाचा पहिला अध्याय उघडा. त्यात दावीद गिलबोवाच्या डोंगरांना सांगतो की तुमच्यावर दहिवर पडू नये, पाऊस पडू नये. शेवटचा भाग संपल्यावर आईनं चष्मा लावून तोच काढला होता, आणि लॅपटॉप तसाच उघडा ठेवून आम्ही तिचं वाचन ऐकत बसलो होतो.