महाराष्ट्रात 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, मग आरोग्यसेवा सगळ्यांपर्यंत पोहोचली असं म्हणता येईल का?

नाही, एवढ्यावरून म्हणता येणार नाही. मी सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही दिलेला महाराष्ट्राचा आकडा बरोबर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) तो 94.7 टक्के आला. पण ती झाली सरासरी. व्यवस्था कुणासाठी चालते हे बघायचं तर तोच आकडा गरीब आणि श्रीमंत घरांसाठी वेगवेगळा काढावा लागतो. सर्वेक्षणात कुणाला पगार विचारत नाहीत. घरात फ्रिज, टीव्ही, मोटारसायकल आहे का, खाली फरशी आहे की सारवलेली जमीन, स्वयंपाक गॅसवर की चुलीवर, यावरून प्रत्येक घराला गुण देतात आणि लोकसंख्येचे पाच समान गट पाडतात.

असं पाहिलं की देशाचं चित्र उलगडतं. 2005-06 मध्ये सर्वांत गरीब गटातली जेमतेम 13 टक्के बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, सर्वांत श्रीमंत गटातली 84 टक्के. 2015-16 मध्ये हेच आकडे साधारण 60 आणि 95 झाले. दवाखान्यात बाळंतपण केल्यास पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आणि आशाताई याच काळातल्या. सरासरी 39 वरून 79 वर गेली हे सगळे सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती निम्म्यावर आलेली दरी.

तरीही दवाखान्यात पोहोचणं वेगळं आणि हवे ते उपचार मिळणं वेगळं. पाचव्या फेरीत देशभरात खासगी रुग्णालयांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांतली 14.3 टक्के. गुंतागुंतीच्या केसेस कुठे जातात याचाही यात थोडा वाटा असेल, पण एवढा फरक निव्वळ वैद्यकीय गरजेतून येतो हे मला पटत नाही. 94.7 हा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही.

खरी अडचण मात्र खाली, जिल्ह्याच्या पातळीवर उतरलं की सुरू होते. या फेरीत 707 जिल्ह्यांत मिळून सुमारे 6 लाख 37 हजार घरं घेतली, म्हणजे जिल्ह्यामागे साधारण 900. त्यांतली लसीकरण तपासण्याच्या वयाची, 12 ते 23 महिन्यांची मुलं वेगळी काढली आणि पुन्हा गरीब-श्रीमंत गट पाडले, की हाताशी मूठभर मुलं उरतात. नोंदी 25 पेक्षा कमी असतील तर अहवालात आकड्याऐवजी फुली (*) छापतात. ते शास्त्राला धरूनच आहे. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा अक्कलकुवा या आदिवासी तालुक्यांच्या पाड्यांवर काय चाललंय, हे या सर्वेक्षणातून कळतच नाही.

मग आरोग्य केंद्रांच्या मासिक अहवालांकडे वळावं, तर तिथे लाभार्थ्यांची संख्या लोकसंख्येच्या अंदाजावरून ठरते. म्हणून कधीकधी 100 टक्क्यांच्या वरही काम झालेलं दिसतं! बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बाईचं बाळ गावच्या उद्दिष्टात धरलेलं असतं, पण डोसची तारीख येते तेव्हा ते साखर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असतं, जिथल्या उद्दिष्टात ते नाही.

त्यामुळे आदिवासी तालुक्यांत वेगळा, मोठा नमुना घ्यावा आणि तोडणीच्या हंगामात कारखान्यांच्या तळांवर जाऊन मोजणी करावी, असं माझं ठाम मत आहे. तोवर कुणी राज्याचा एकच आकडा पुढे केला, तर सर्वांत गरीब गटाचा किती आणि तो किती नोंदींवरून काढला, हे दोन्ही जरूर विचारा.