रस्त्यातली सगळ्यात नवी गाडी शोध

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचा फोटो मिळाला. रुंद रस्ता, दोन्ही कडेला उभ्या गाड्या, मधोमध हातात टोपी धरून चाललेला एक माणूस. फोटो सुरेख आहे. तू त्यातल्या फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी गाडीवर बोट ठेवून लिहिलं आहेस, ‘हा १९२० च्या आसपासचा.’

थांब जरा. हीच चूक मी चारचौघांत केली आहे. एका छोट्या प्रदर्शनात माझ्याकडच्या जुन्या प्रिंट लावल्या होत्या. एका फोटोत अगदी पुढे मॉडेल टी होती, म्हणून खाली मी ठोकून दिलं, ‘१९२५’. एक म्हातारे मेकॅनिक फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग कोपऱ्यातल्या एका अंधुक गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, “हिचे दिवे बघितलेत का?” दिवे मडगार्डातच बसवलेले होते, म्हणजे ती गाडी तिशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली. माझी तारीख दहा-बारा वर्षांनी चुकली होती आणि समोरची मॉडेल टी तोवर म्हातारी होऊनही रोज रस्त्यावर येत होती. तारखेची चिठ्ठी मी त्यांच्यासमोरच काढली.

तेव्हापासून एक सवय लागली. फोटो हातात आला की आधी सगळ्यात नवी गाडी शोधायची. जुनी गाडी कुठल्याही फोटोत असू शकते, पण जी अजून बनलीच नाही ती असू शकत नाही. म्हणजे सगळ्यात नवी गाडी एवढंच सांगते की फोटो त्याआधीचा नाही. किती नंतरचा, हे दुसऱ्या कशावरून तरी काढावं लागतं. आपल्यासारख्यांची गोची अशी की आपलं लक्ष आधी जुन्या, देखण्या गाडीकडे जातं. ती आवडते म्हणून तीच पुरावा वाटू लागते.

मॉडेल टी तर या कामी फारच निरुपयोगी. १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षं ती बनली, दीड कोटी गाड्या निघाल्या, आणि उत्पादन थांबल्यावरही त्या रस्त्यावरून काही हलल्या नाहीत. तरी तिच्यातही खुणा आहेत. रेडिएटर पितळी, चकाकता असेल तर ती १९१६ पर्यंतची. १९१७ च्या मॉडेलपासून रेडिएटरचं कवच काळं झालं. इंजिन हाताने फिरवून सुरू करायचं हँडल पुढे लोंबताना दिसलं म्हणून ‘सेल्फ-स्टार्टरच्या आधीची’ असा निष्कर्ष मात्र काढू नकोस. स्टार्टर आला तरी हँडल जागच्या जागी राहिलं.

काही गाड्या याउलट उपकारच करतात. फोक्सवॅगन बीटल पाठमोरी उभी असेल तर मी खूश होतो. मागची काच मधल्या पट्टीने दुभागलेली असेल तर ती १९५३ च्या सुरुवातीपर्यंतची. लंबगोल आणि एकसंध असेल तर त्यानंतरची. १९५७ च्या ऑगस्टपासून ती काच मोठी, चौकोनी झाली. अमेरिकी गाड्यांमध्ये शेपटाकडचे पंख बघ: १९४८ च्या कॅडिलॅकवर नुसते फुगवटे होते, १९५९ मध्ये ते इतके उंच गेले की त्यापुढे जायला जागाच उरली नाही. पुढचे दिवे दोनाचे चार झाले ते १९५७-५८ च्या सुमारास.

पण प्रत्येक खुणेला एखादा खट्याळ अपवाद असतोच. मडगार्डातले दिवे म्हणजे तिशीचा उत्तरार्ध, असं मी वर लिहिलं खरं. पण पिअर्स-ॲरो कंपनी १९१४ च्या मॉडेलांपासूनच दिवे मडगार्डावर बसवत होती. ‘१९४९ ची फोर्ड’ विक्रीला आली ती जून १९४८ मध्ये, म्हणून मॉडेलचं वर्ष आणि कॅलेंडरचं वर्ष यांची गल्लत करू नये. आणि १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत नागरी गाड्यांचं उत्पादन युद्धामुळे थांबलं, ते १९४५ पर्यंत. त्या काळातल्या फोटोत सगळ्यात नवी गाडी १९४२ चीच असणार, मग फोटो १९४४ चा का असेना. अशा वेळी नंबरप्लेट कामी येते, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या प्लेटवर वर्षच छापलेलं असे.

हे सगळं वाचायचं तर फोटो मोठा हवा. मोबाइलवर फिरणाऱ्या, चार वेळा दाबून लहान केलेल्या चित्रात तुला गाडीचा फक्त आकार दिसेल. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात १९३५ ते १९४४ दरम्यान अमेरिकी सरकारसाठी काढलेल्या छायाचित्रांच्या पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह आहेत. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी काढलेल्या. स्कॅन केलेल्या मोठ्या फाइली फुकट उतरवून घेता येतात. एक आठवडा त्यातच घालव. काही वेळा दुकानाच्या काचेवरची पाटी वाचता येते, फूटपाथवर पडलेल्या वर्तमानपत्राचा मथळासुद्धा.

इव्हान्स यांचाच त्याआधीचा, १९३१ चा एक फोटो मुद्दाम शोध. न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्ज गावचा मुख्य रस्ता, पाऊस पडून गेलेला, उंचावरून घेतलेला. रस्त्याच्या कडेला एकसारख्या काळ्या गाड्या तिरक्या लावलेल्या आहेत, ओळच्या ओळ. त्यातली एकही गाडी कुणी घरी फ्रेम करून लावणार नाही. तरी मला तो फोटो सगळ्या चकचकीत मोटारींपेक्षा प्रिय आहे. त्या काळी माणसं गाडी लावायची, छत्री उघडायची आणि कामाला जायची, एवढंच त्यात आहे.

रंगांबद्दल थोडं. ‘जुन्या गाड्या सगळ्या काळ्याच असायच्या’ असं लोक सर्रास म्हणतात. मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळे हे खरं. पण फोटोतला काळेपणा बऱ्याचदा फिल्मचा असतो. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे गडद लाल गाडी काळी दिसते आणि निळं आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं. हल्ली संगणकाने रंगवलेले जुने रस्ते सगळीकडे दिसतात. त्यांच्याकडे रंगाचा पुरावा म्हणून बघू नकोस. यंत्राने अंदाज केलेला असतो आणि काळा दिसला की ते बापडं काळाच रंगवतं. खरे रंग हवे असतील तर १९०७ नंतरच्या ऑटोक्रोम नावाच्या रंगीत काचेच्या प्लेट बघ, किंवा वर सांगितलेल्या संग्रहातल्या साधारण सोळाशे रंगीत पारदर्शिका. त्यातल्या गाड्यांवर धूळही आहे.

तू विचारलं आहेस की जुन्या फोटोंमध्ये रस्ते इतके रिकामे कसे. कधी ते खरंच रिकामे असत, कधी कॅमेरा मंद असे. छायाचित्रणाचे फ्रेंच आद्य प्रवर्तक दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचा फोटो घेतला तेव्हा रस्ता वाहता होता. पण प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत, म्हणून हलणारं सगळं पुसलं गेलं. बूट पॉलिश करून घेत स्थिर उभा असलेला एक माणूस तेवढा उरला. पुढे प्लेटचा वेग वाढला तरी शटरच्या खोड्या राहिल्याच. फ्रेंच छायाचित्रकार जाक-ऑनरी लार्तीग यांच्या प्रसिद्ध फोटोतली शर्यतीची गाडी आठव: चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेलं आणि बघे मागे कललेले. शटरची, उजेड आत सोडणारी फट प्लेटवरून सरकेपर्यंत गाडी पुढे गेली होती आणि लार्तीग कॅमेरा तिच्यामागे फिरवत होते.

फोटो उलटा छापला गेला असेल, हा संशयही मनात ठेव. काचेची निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे यावरून ठरवायला जाशील तर फसशील. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत, पण बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच असे. पाट्यांवरची अक्षरं वाच, ती खोटं बोलत नाहीत.

आता तुझ्या फोटोकडे येतो. मॉडेल टीच्या मागे, दिव्याच्या खांबाआड एक गाडी अर्धीमुर्धी दिसते. तिचं छप्पर मागे गोलाकार उतरलं आहे, त्यामुळे १९२० वर माझा विश्वास बसत नाही. पण तू पाठवलेल्या आकारात तिचा दिवा म्हणजे नुसता पांढरा ठिपका आहे. प्रिंट पुन्हा स्कॅन कर, जमेल तितकी मोठी. मागची बाजूही स्कॅन कर. स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी बऱ्याचदा तिथेच असतं.

आणि मॉडेल टीच्या आत नीट बघ. मला वाटतं, काचेमागे कोणीतरी बसलं आहे, आणि ते माणूस टोपीवाल्याचीच वाट बघत असावं.

तुझा,
जुना फोटोवेडा