पहिली नदी-क्रूझ? नाईलच धरा

पहिल्या नदी-क्रूझसाठी तुम्ही दोघं युरोपातल्या डॅन्यूबचं म्हणताय, पण पहिल्या खेपेला मी नाईलच सुचवेन. इजिप्तमधलं लक्सर ते आस्वान, तीन-चार रात्रींचं काम. वाटेत एस्नाच्या लॉकमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या बंद कप्प्यात, बोट शिरली की वरच्या डेकवर जाऊन उभे राहा. खाली होड्यांतले विक्रेते चादरी, झगे गुंडाळून थेट डेकवर फेकतात आणि घासाघीस ओरडून चालते. कोम ओम्बोचं देऊळ तर अगदी काठावरच. जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मेमधलं आस्वान म्हणजे आपलं सोलापूरच, त्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

डॅन्यूब देखणी आहेच. पासाऊ ते बुडापेस्ट, मधे व्हिएन्ना. पण उन्हाळ्याअखेर पाणी उतरलं की बोट अडू शकते, मग पुढचा टप्पा बसने. उजनी आटलेली बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीच्या एकत्र व्हिसाची धावपळ. इजिप्तलाही व्हिसा लागतोच म्हणा. आग्नेय आशियातली मेकाँग नंतर बघू.

बाल्कनीसाठी जादा पैसे घालण्याआधी एक लक्षात घ्या: नाईलवर धक्क्याला बोटी एकमेकींना चिकटून लावतात, पडदा उघडला तर समोर शेजारच्या बोटीची भिंत. शाकाहारी असाल तर बुकिंगलाच लेखी कळवा. आणि कडक भाकरी, शेंगाचटणी बॅगेत टाकाच.