समर कॅम्पची फी, स्कॉलरशिप आणि सेल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, गणितात खूप हुशार. तिने अमेरिकेतल्या एका समर कॅम्पचा फॉर्म ऑनलाइन भरला आणि आठवड्याभरात 'तुमची निवड झाली' असा मेल आला. दोन आठवड्यांचे साडेचार लाख, त्यात 50 टक्के स्कॉलरशिप दिलीय म्हणतात, पण बाकीचे पैसे शुक्रवारपर्यंत भरायचेत. मिस्टर पतसंस्थेत क्लार्क आहेत. एफडी मोडावी का? (एक आई, लातूर जिल्हा)

उत्तर : ताई, एफडीला हात लावू नका. कॅम्पचं नाव तुम्ही कळवलंय पण ते इथे छापत नाही. मला एकच सांगा, ही 50 टक्के सूट देण्याआधी त्यांनी तुमच्या घरचं उत्पन्न विचारलं का? घरात कमावणारे किती, शिकणारी मुलं किती, कर्ज किती, यातलं काहीच नाही ना? मग ती मदत नाहीये, तो सेल आहे, आणि सेलमध्ये मूळ किंमत काय होती ते दुकानदारालाच माहीत. वर शुक्रवारची घाई.

खऱ्या कॅम्पचं कसं असतं बघा. कॅनडा-यूएसए मॅथकॅम्प 1993 पासून चालू आहे, पाच आठवड्यांचा, 13 ते 18 वयाच्या मुलांसाठी. तिथे आधी गणितं पाठवतात, ती घरी बसून सोडवायची, एकेका गणितावर चार-चार दिवस डोकं खाजवायचं, नुसतं उत्तर चालत नाही तर ते का बरोबर हे लिहून द्यायचं. निवड त्यावर होते आणि निवड करताना तुमचा खिसा बघत नाहीत, पैशाचा अर्ज वेगळा असतो. बॉस्टन युनिव्हर्सिटीत 1989 पासून चालणाऱ्या प्रॉमिस नावाच्या गणित कॅम्पचंही तसंच, सहा आठवडे, आधी गणितं, आणि मदत घरची गरज बघून. एमआयटीत भरणाऱ्या आरएसआय (रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट) या कॅम्पमध्ये तर शिकणं-राहणं-जेवणं सगळं फुकट, फक्त जाण्यायेण्याचा खर्च आपला, पण तिथे शिरणं महाकठीण. आठवड्याभरात निवड होऊन वर डिस्काउंट, असं यातलं कुणीच करत नाही.

तरी पुढच्या वर्षी अर्ज करायचा असेल तर कागद आत्तापासून गोळा करा. मिस्टरांचा फॉर्म 16, रिटर्न भरत असाल तर आयटीआर, आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, तो सेतूतून किंवा आपले सरकारवरून काढा. दाखला मराठीत मिळतो म्हणून त्याचं इंग्रजी भाषांतर करून शिक्का मारून जोडा. आणि एक साधं पत्र लिहा, अगदी सरळ भाषेत, की वर्षाला तीन लाख येतात म्हणजे साधारण साडेतीन हजार डॉलर, धाकटा सहावीत आहे, घराचा हप्ता एवढा, सासूबाईंची औषधं एवढी. लोक इथे लाजतात. आपली गरिबी कशाला दाखवायची म्हणून गोलगोल लिहितात आणि तिकडच्या माणसाला काहीच कळत नाही. 'पूर्ण मदत मिळाली नाही तर येणं जमणार नाही' हेही स्पष्ट लिहा, उगीच अर्धी मदत मिळून विमानाच्या तिकिटासाठी सोनं गहाण ठेवायची वेळ नको. विचारायचं ते एवढंच की मदत फक्त फीची आहे का प्रवासाचीही, कारण भारतातून जाणाऱ्याला कधीकधी फीपेक्षा तिकीट आणि व्हिसाच महाग पडतो, आणि व्हिसा नाकारला तरी त्याची फी परत येत नाही.

आणि खरं सांगू का, तुमच्या मुलीसाठी मानखुर्द जास्त जवळ आहे. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेचं. ऑलिम्पियाडच्या परीक्षांमधून वर पोचलेल्या मुलांचे कॅम्प त्यांच्यातर्फे उन्हाळ्यात होतात, राहणं-जेवणं त्यांचंच, प्रवासाचे पैसेही परत मिळतात. गणितात पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिम्पियाडची पात्रता परीक्षा, ती नववीतून देता येते.

प्रश्न : मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत. इस्रोचा कॅम्प फुकट असतो असं गुरुजी म्हणतात, पण फुकटात काहीतरी मेख असणारच ना? (एक शेतकरी, नंदुरबार)

उत्तर : मेख नाही भाऊ, गुरुजी बरोबर बोलतात. त्याचं नाव युविका, 2019 ला सुरू झाला, नववीत शिकणाऱ्या मुलांसाठी, मे महिन्याच्या सुट्टीत दोन आठवडे इस्रोच्या सेंटरवर ठेवतात. राहणं, जेवण, पुस्तकं आणि प्रवास सगळं इस्रोकडून, पोचवायला-आणायला जो पालक जातो त्याचंही भाडं. निवडीत आठवीचे मार्क, ऑनलाइन क्विझ वगैरे बघतात आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेच्या मुलाला त्याचे वेगळे गुण मिळतात, म्हणजे तुमच्या पोराला शहरातल्या पोरापेक्षा थोडा हात वरच. अडचण फक्त एक, प्रवासाचे पैसे आधी खिशातून घालावे लागतात आणि मूळ तिकीट दाखवल्यावर परत मिळतात. तेवढ्यापुरते हातउसने घेऊन ठेवा, सावकाराकडे जाऊ नका. तिकीट मुलाच्या दप्तरात नको, तुमच्याकडे ठेवा. जाहिरात आली की फॉर्म लगेच भरा, शेवटच्या दिवशी साइट लटकते.

प्रश्न : मी बीएस्सी सेकंड इयर गणित. चार आठवडे कॅम्पला गेले तर सुट्टीतली शिकवणी बुडेल, मग परवडायचं कसं?

उत्तर : एमटीटीएसबद्दल, म्हणजे कॉलेजच्या मुलांसाठीच्या गणिताच्या समर कॅम्पबद्दल विचारतेयस असं धरते. 1993 पासून प्रा. कुमारेसन यांनी चालू केलेला हा कार्यक्रम, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पैशावर उभा राहिला, म्हणून राहणं-जेवणं फुकट आणि रेल्वेचं भाडं मिळत आलंय. जाशील त्या वर्षीची नोटीस मात्र नीट वाच. पण बुडालेल्या शिकवणीचे पैसे कुणी देत नाही गं, तो खड्डा तुझाच. शिकवणीच्या पालकांना मार्चमध्येच सांग, पोरांचा पोर्शन एप्रिलमध्ये उरक आणि जूनला परत सुरू कर, एका महिन्यासाठी कुणी सहसा दुसरी टीचर शोधत नाही. पुढे देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून जी समर फेलोशिप असते तिचा फॉर्म भर, त्यात दोन महिने दर महिन्याला स्टायपेंड मिळतो, तेव्हा हा प्रश्नच येणार नाही.

प्रश्न : कॅम्पसाठी महाडीबीटी किंवा एज्युकेशन लोन चालेल का?

उत्तर : नाही. ते रेग्युलर कोर्सच्या ॲडमिशनला. त्यापेक्षा गावातल्या रोटरीला किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना निवडीचं पत्र दाखवा आणि चेक थेट कॅम्पच्या नावाने द्यायला सांगा, लोकांना तसं द्यायला बरं वाटतं.